पासवरची माणसं

६ फेब्रुवारी

सूनबाई,

सुखरूप पोचले. सकाळचं विमान डोळ्यांदेखत गेलं, दुपारचंही गेलं, आणि संध्याकाळच्या विमानात अगदी मागे, संडासाच्या दाराला लागून जागा मिळाली. कुणी दार उघडलं की आतला उजेड माझ्या मांडीवर पडायचा. तक्रार नाही. तुझ्या विमान कंपनीच्या पासवरच्या माणसानं तक्रार करायची नसते, हे तूच मला शिकवलंस. कपडे नीटनेटके ठेवायचे, आवाज खाली ठेवायचा, पैसे भरलेली सगळी माणसं बसली की उरलेल्या खुर्चीत गुपचूप जाऊन बसायचं. आणि शेजारच्यानं विचारलं तर आपलं तिकीट फुकटचं आहे हे सांगायचं नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही किती आधी काढलं होतं तिकीट?" मी म्हटलं, "माझी सून बघते ते सगळं." यात खोटं काहीच नव्हतं.

गोटीनं निघताना माझ्या पर्समध्ये तिचा एक मोजा कोंबला होता. घरी आल्यावर सापडला. आजीनं तो द्यायला परत यावं म्हणून असेल. पाठवून देऊ की ठेवू?

एक सांगायचं राहिलं. हल्ली मला फोनवर बोलायचा फार कंटाळा येतो. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांच्या लायनी जोडण्यात गेली. आता कानाला विश्रांती. तू पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर बघितलं की तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

तुझी,
आई


२४ फेब्रुवारी

आई,

मोजा तुमच्याकडेच राहू दे. गोटी उरलेला एक घालून घरभर हिंडते आहे आणि दुसरा कुठे आहे ते कुणाला सांगत नाही.

तुम्हाला आवडत नाही हे माहीत असून रविवारी फोन केला. ते पत्रात लिहायचं धाडस होत नव्हतं म्हणून केला. आठवडाभर काउंटरवर उभी राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. समोरच्याची बॅग वजनाला लावताना एक वाक्य, बोर्डिंग पास हातात देताना दुसरं. शेवटी एका दमात सगळं बोलून टाकलं, आणि तुम्ही म्हणालात, "बरं, बरं. गोटीला जप. थंडी आहे का तिकडे?" आणि फोन ठेवून दिलात.



तुम्हाला राग आला असेल तर मला कळू द्या. ते गेले त्याला चार वर्षं झाली. अजून त्यांचा रेनकोट दारामागच्या खुंटीला आहे. मी पुन्हा घर मांडायचं म्हणते, म्हणजे त्यांना विसरले असं नाही होत ना? गोटी वाढतेय. माझ्या कामाच्या पाळ्या सारख्या बदलतात, ती कधी या शेजारणीकडे, कधी त्या. तुमचं 'हो' आल्याशिवाय मी पाऊल पुढे टाकणार नाही. पण पुन्हा सगळं लिहायला लावू नका. ते मला एकदाच जमलं.

सूनबाई


२ मार्च

बारके,

तू माझी बहीण म्हणून तुला एकटीला सांगते. पत्र वाचलंस की फाडून टाक.

माझे कान गेलेत. उजव्यानं काहीच येत नाही. डाव्यानं येतं ते कुणी पाण्याखालून बोलल्यासारखं. वर्ष होत आलं. माणूस समोर असला की ओठांवरून निभावून नेते. दुकानदार, शेजारी, बसचा कंडक्टर, सगळ्यांना फसवते. फोनला ओठ कुठून आणू? जिच्या कानावर साहेबलोक विश्वास ठेवायचे, ज्या बाईला नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखू यायचा, तिची ही गत.

आता झालंय असं, की सूनबाईनं रविवारी फोन केला. खूप वेळ बोलली. रडत होती की काय तेही कळलं नाही. मी आपलं "बरं, बरं" म्हटलं आणि ठेवला. त्यावर आता पत्र आलंय, आणि ती म्हणते पुन्हा लिहायला लावू नका. फोनवर 'घर' एवढा एकच शब्द मी पकडला होता, पत्रातही घराचंच आहे. तेव्हा ती दुसरीकडे राहायला जायचं म्हणत असणार. त्या दोन खोल्या माझ्या मुलानं हौसेनं बघितलेल्या, म्हणून मला वाईट वाटेल असं तिला वाटतंय. वेडी आहे झालं. तसंच उत्तर लिहून टाकते.

तू म्हणशील, सरळ सांग की ऐकू आलं नाही. कसं सांगू? मी तिच्याकडे जाते तेव्हा ती कामावर असते आणि दिवसभर मी आणि गोटी दोघीच घरात असतो. उद्या पोर न्हाणीघरात पडली, ओरडली, आणि आजी आपली खिडकीत बसून भाजी निवडतेय. मी सूनबाईच्या जागी असते तर अशा आजीवर पोर सोपवलं नसतं. गोटीबरोबरच्या त्या दुपारीच माझ्या हातात उरल्यात.

तुझी,
आक्का


२ मार्च

सूनबाई,

राग कसला? माणूस जिथे राहून गेला तिथेच आपणही थिजून बसावं, असं कुणी सांगितलं तुला? तुझं वय काय, पुढे आयुष्य केवढं. तू घर मांडायचं म्हणतेस तर खुशाल मांड. माझ्या मुलालाही हेच आवडलं असतं. तुला एकटीला सगळं ओढत बसलेलं बघणं त्याला जमलं नसतं.

फक्त नीट पारखून घे. वरून रंग छान दिसतो आणि आतून ओल असते, असं फार वेळा होतं. घाई करू नकोस. वेगवेगळ्या वेळी जाऊन बघावं, म्हणजे खरं काय ते कळतं. आणि गोटीला मोकळं वाटतं का ते बघ. तिला वाटलं तर माझी ना नाही.

तुझी,
आई


१५ मार्च

आई,

तुमचं पत्र कामावर घेऊन गेले आणि काउंटरच्या मागे उभं राहून वाचलं. रांगेतले लोक थांबले होते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, काही वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, चांगली आहे."

घराच्या आडून तुम्ही केवढं बोलून गेलात. ओलीचं वाचून मला हसूही आलं. वर्षभर पारखलंय, आई, उन्हात आणि पावसात. गोटीला मोकळं वाटतं. आता तर माझ्याआधी तीच तिकडे धावते.

बारा एप्रिलला सकाळी नोंदणी आहे. समारंभ वगैरे काही नाही. कचेरीत जायचं, सह्या करायच्या. दोन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही तुमची असावी असं माझ्या फार मनात आहे. तुमची सही असली की माझ्या मनावरचं ओझं उतरेल.

अकरा तारखेच्या सकाळच्या विमानावर तुमचं नाव लावलंय. बऱ्याच जागा रिकाम्या दिसतात, अडचण येऊ नये. या वेळी याच. का ते भेटल्यावर सांगेन.

सूनबाई


१३ एप्रिल

सूनबाई,

विमान भरलं होतं. खूप वेळ बसले, पण जागा उरली नाही. शेवटी बस पकडून घरी आले. पासवरचं हे असंच, त्याला तूही काही करू शकत नाहीस.

नोंदणी पार पडली असेल. सही कुणी केली? पुढच्या खेपेला येईन तेव्हा सगळं डोळे भरून बघेन. रागावू नकोस.

तुझी,
आई


२२ एप्रिल

आई,

विमान भरलं नव्हतं. त्या सकाळी ते जवळजवळ अर्धं रिकामं आलं. मी आणि गोटी बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी उभ्या होतो. शेवटचा माणूस बाहेर आला, मागून विमानातल्या मुली आल्या, झाडणारे आत गेले, तरी गोटी जागची हलेना. म्हणे, आजी हळू चालते.

तुम्हाला बरं नसेल असं वाटून मी काळजीनं तुमच्याकडच्या विमानतळावर विचारलं. काउंटरवरच्या मुलीला तुम्ही चांगल्या लक्षात आहात. राखाडी स्वेटर, मांडीवर मोठं पुडकं, अगदी समोरची खुर्ची. ती म्हणाली, "मी त्यांचं नाव तीनदा पुकारलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. उठल्या नाहीत."

लग्न तुम्हाला नको होतं तर तसं एका ओळीत लिहायचं होतं. मी थांबले असते. खरंच थांबले असते. पण तुम्ही घर मांड म्हणालात, तुमच्या मुलालाही आवडलं असतं म्हणालात, आणि आयत्या वेळी खुर्चीत बसून राहिलात. ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं ते सुद्धा आले होते दाराशी. विमानात कुठे किती वजन ठेवायचं ते ठरवायचं काम करतात, फोनवर सांगितलंच होतं मी. शांत माणूस आहे. तुमच्यासमोर यायचं म्हणून त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी सामानाच्या पट्ट्यावरच्या मुकादमांनी सही केली.

आणि पासचं. तेव्हा लिहिलं नाही, कारण फक्त पास जाईल म्हणून बोलावते असं तुम्हाला वाटलं असतं. कंपनीचा नियम आहे. नवरा गेला तरी त्याचे आईवडील पासवर राहतात, पण बाईनं दुसरं लग्न केलं की त्यांची नावं निघतात. तुमचं नाव निघालं. ती तुमची शेवटची फेरी होती.

सूनबाई


३० एप्रिल

सूनबाई,

तुझं लग्न झालं हे मला तुझ्या या पत्रातून कळलं.

हे वाचून तू थांबशील. थांब आणि पुन्हा वाच. मला माहीत नव्हतं. मला ऐकू येत नाही. वर्षभर तुझ्यापासून लपवलं. त्या रविवारी तू फोनवर काय म्हणालीस त्यातला 'घर' एवढाच शब्द मला कळला, आणि तू घर बदलतेस असं मी धरून चालले. रंग, ओल, पारखून घे, हे सगळं मी भिंतींबद्दल लिहिलं होतं. नोंदणीही घराचीच समजले. मांडीवरच्या पुडक्यात पडदे होते. तुझ्या नव्या खिडक्यांसाठी शिवले होते, माप माहीत नव्हतं म्हणून लांब ठेवले, तिथे आल्यावर दुमडता आले असते.

त्या सकाळी मी मुद्दाम समोरची खुर्ची धरली, म्हणजे त्या मुलीचे ओठ दिसतील. पण नाव पुकारताना तिचं तोंड संगणकाच्या पडद्याकडे, मध्ये तो माइक. वरच्या लाउडस्पीकरमधून मला नुसती घरघर येत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, की ती वळेल आणि बोलेल. एक माणूस माझ्या शेजारून उठून धावत गेला. मग दार लागलं. मी उठून तिला विचारलं, "माझं नाव?" ती जरा चिडून म्हणाली, "तीनदा पुकारलं, आजी." ते मात्र ओठांवरून स्वच्छ कळलं.

दुपारचं विमान होतं. बसता आलं असतं. पण तिच्याकडे जाऊन 'मी बहिरी आहे, मला हात लावून सांग' हे म्हणायला तोंड उघडेना. सगळे बघत होते. मी पुडकं उचललं आणि बसच्या थांब्यावर गेले. तुला लिहिलं की विमान भरलं होतं. ते खोटं होतं, आणि त्याची लाज वाटते.

माझा मुलगा गेला तेव्हा तू मला धरून बसली होतीस. आपण दोघीच होतो. या वेळी मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, हातात तुझं पत्र, शेजारी कुणी नाही. वाईट वाटलं. लग्नाचं नाही वाटलं, असं लिहायला घेतलं होतं, पण मग म्हटलं एक खोटं पुरे झालं. लग्नाचंही वाटलं. तू मला नीट विचारलं असतंस आणि मला नीट ऐकू आलं असतं, तर मी दोन दिवस रडले असते आणि मग 'हो' म्हटलं असतं. ते दोन दिवस मला मिळाले नाहीत. म्हणून आता रडते आहे.

त्यांना सांग, नवा शर्ट वाया गेला त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.

तुझी,
आई


१२ मे

आई,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून रोज लिहायला बसते आणि उठते.

मला कळायला हवं होतं. गेल्या खेपेला गोटी तुमच्या मागे उभी राहून हाका मारत होती आणि मी तिला म्हटलं, "आजीला त्रास देऊ नको, ती दमलीय." काउंटरवर रोज शंभर माणसं बघते मी, कुणाला काय हवं ते ती बोलायच्या आत ओळखते असा माझा तोरा. घरच्या माणसाचं कळलं नाही. आणि वर तुम्हाला तसलं पत्र लिहिलं.

ते म्हणाले, "तू फोनवर बोललीस, मग पत्रात एकदा तरी 'लग्न' हा शब्द का लिहिला नाहीस?" लाज वाटत होती, दुसरं काय. गेलेल्या नवऱ्याच्या आईला तो शब्द लिहायची लाज.

दोन दिवस रडायचं म्हणालात. हवे तितके दिवस रडा. मी उत्तराची वाट बघणार नाही. म्हणजे बघेन, पण घाई नाही.

पासचं मी विचारून आले. सासू म्हणून तुमचं नाव पुन्हा लागत नाही. पण आम्हाला वर्षातून एक पास मित्रमंडळींसाठी मिळतो. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी, आमच्या माळ्याच्या काकांच्याही मागे. त्यावर तुमचं नाव घातलंय. नात्याच्या रकान्यात 'मैत्रीण' लिहावं लागलं. दुसरं काही तिथे चालत नाही.

कानांना दाखवा. बारकीमावशींना बरोबर न्या. गोटीला मी सगळं सांगितलंय. ती आता बोलायच्या आधी माझ्या गालाला हात लावून माझं तोंड स्वतःकडे वळवते. म्हणते, आजीसाठी सराव करतेय. दुपारच्या वेळी तुम्ही दोघीच राहाल, पूर्वीसारख्याच.

सूनबाई


२६ जून

आई,

पोचल्याचं कळलं, बरं वाटलं. येताना दोन दिवस गेटवर बसून आलात, जाताना तरी पहिल्याच विमानात जागा मिळाली. तिकडच्या त्या मुलीचा निरोप आला होता माझ्या मैत्रिणीकडे. म्हणाली, "त्या आजी थेट माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, मला ऐकू येत नाही, माझा नंबर आला की खांद्याला हात लाव. मी दोन दिवस त्यांच्या खांद्याकडेच बघत होते."

पडदे लावलेत. लांब होतात, पण दुमडायचे नाहीत असं गोटीनं ठरवलंय. ती त्यांच्यामागे लपते.

एक विचारायचं होतं, समोर धीर झाला नाही. शेवटच्या दिवशी जेवताना तुम्ही कानातलं मशीन काढून ताटाशेजारी ठेवलंत. दुखतं का ते? की आमचं काही चुकलं? या वेळी विचारून घेते, अंदाज बांधत बसत नाही.

सूनबाई


८ जुलै

सूनबाई,

दुखत नाही. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला सगळे आवाज एकदम अंगावर येतील. तसे येतात. चमचे, खुर्ची ओढल्याचा आवाज, नळ, खाली कुणाची तरी गाडी. कुठला जवळचा, कुठला लांबचा, काही कळत नाही.

त्या सगळ्यातून गोटी म्हणाली, "बाबा, पाणी."

इतकं स्वच्छ मी कितीतरी दिवसांत काही ऐकलं नव्हतं. माझा मुलगा होता तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं, हा एक शब्द तेवढा यायचा. त्याच टेबलाशी बसून ती तो दिवसभर म्हणायची आणि तो दर वेळी 'ओ' द्यायचा. मी वर बघितलं. तुझे यजमान उठले होते, पाण्याचा जग उचलत होते. तिनं 'बाबा' म्हटलं यात त्यांना काही नवीन नव्हतं. चांगला माणूस आहे. ग्लास अर्धाच भरला, तिच्या हातून सांडतं म्हणून.

मी मशीन काढलं. मला थोडा वेळ काही नको होतं. समोर तुमचे सगळ्यांचे ओठ हलत होते, ते वाचायची इतकी सवय झालीय की मान खाली घालून ताटाकडे बघत बसावं लागलं. तुमचं काही चुकलं नाही. तिला अडवू नकोस, माझ्यासमोर तर मुळीच नको. पोरीनं हाक मारावी आणि कुणी उठावं, एवढंच मला तिच्यासाठी हवं होतं.

तू भांडी उचलायला आत गेलीस, म्हणून तुला पुढचं दिसलं नाही. मी मशीन परत कानात घातलं. गोटीची बडबड चालूच होती. आणखी दोनदा तिनं त्यांना तीच हाक मारली. दोन्ही वेळा मी ऐकली.

तुझी,
आई